चाळीतली महानंदा

शेजारच्या काकू पोथी वाचता वाचता दूधवाल्याशी बोलायच्या, आणि तेही पोथीच्याच चालीत. ओवीचे तीन चरण यमकाला यमक जोडत वर चढायचे, चौथ्या आखूड चरणावर आवाज खाली यायचा, काकू श्वास घ्यायच्या आणि त्याच सुरात "अर्धाच लिटर ठेव रे, आज हे गावाला गेलेत" असं म्हणून पुढच्या ओवीत शिरायच्या. ओळीवरचं बोट मात्र हलायचं नाही. दूधवालाही मुरलेला. त्याने कधी "काय म्हणालात?" असं विचारलं नाही. भस्म, रुद्राक्ष आणि अर्धा लिटर यांतलं आपलं काय, ते त्याला बरोबर कळायचं.

ठाकूरद्वारच्या अंगाला आमची चाळ होती. पाणी यायच्या वेळी सगळा मजला जागा असे, आणि श्रावण लागला की तीन-चार खोल्यांतून शिवलीलामृताचा अकरावा अध्याय सुरू व्हायचा. पण सगळ्यांचा एका वेळी नाही, जिची अंघोळ जशी उरकेल तसा. त्यामुळे टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाकडे निघालेल्या माणसाला ती कथा मोठ्या मजेशीर क्रमाने ऐकू येई. पहिल्या खोलीपाशी राजपुत्र मरणातून वाचलेला असायचा, दुसऱ्या खोलीपाशी त्याच्या आयुष्याचे सात दिवस उरलेले असायचे, आणि रांगेत उभं राहीपर्यंत शेवटच्या खोलीत तो मागच्या जन्मात पोचून माकड झालेला असायचा. मला ती गोष्ट पहिल्यांदा कळली ती अशी उलट्या बाजूने. पुढे सुलट वाचली तेव्हा जरा बेचवच वाटली.

सुलट गोष्ट अशी. काश्मीरच्या भद्रसेन राजाचा मुलगा सुधर्म आणि प्रधानाचा मुलगा तारक, दोघांना लहानपणापासून दागदागिन्यांचा तिटकारा. सोन्याचे अलंकार काढून टाकायचे, अंगाला राख फासायची आणि गळ्यात रुद्राक्ष घालून बसायचं. राजा हैराण. पराशर ऋषी येतात आणि उलगडा करतात, की ही पोरं मागच्या जन्मी नंदीग्रामातल्या महानंदा नावाच्या गणिकेकडे होती. एक माकड होतं, एक कोंबडा. ती शिवभक्त, म्हणून तिने या दोघांच्या अंगावरही रुद्राक्ष बांधले होते आणि त्यांना आपल्यापुढे नाचायला लावलं होतं. एके दिवशी एक सौदागर येतो. त्याच्या हातातलं रत्नजडित कंकण महानंदाच्या मनात भरतं. व्यवहार ठरतो: कंकणाच्या बदल्यात तीन दिवस ती त्याची पत्नी. सौदागर आपल्याजवळचं शिवलिंग तिच्याकडे सांभाळायला देतो. ती ते नृत्यशाळेत ठेवते आणि रात्री नृत्यशाळेला आग लागते. लिंग गेलं म्हणून सौदागर चिता पेटवून आत शिरतो. आणि ही तीन दिवसांची बायको म्हणते, ठरलेले तीन दिवस अजून संपलेले नाहीत, मी याची पत्नी आहे. आणि त्याच्या मागून आगीत उडी घेते. सौदागर अर्थातच शंकर. तो तिला वरच्या वर झेलतो.

आमच्या मजल्यावरच्या बायका हे रोज वाचायच्या. कुंकवाला जपणाऱ्या, नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या, गॅलरीत पदर खांद्यावरून घसरला तर दचकणाऱ्या बायका. एका गणिकेकडे देव गिऱ्हाईक होऊन जातो, दागिन्याच्या मोलाने तीन रात्री ठरवतो, आणि ती बाई त्या तीन दिवसांचा करार अशा निष्ठेने पाळते की देवालाच हात पुढे करावे लागतात, ही कथा त्या नैवेद्याआधी न अडखळता म्हणायच्या. आमच्या घरापासून केनेडी ब्रिज फार लांब नाही. त्या पुलाच्या आसपास गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची वस्ती जुनी. संध्याकाळी तिथून तबला ऐकू येई. त्या बाजूला कामाशिवाय जायचं नाही, अशी आम्हा पोरांना सक्त ताकीद होती, आणि ती देणाऱ्या ह्याच महानंदेच्या वाचक. यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. मला पूर्वी हा ढोंगीपणा वाटायचा. आता तसं म्हणवत नाही. गणिका मनात आणायची ती पोथीतून, आणि पोथी ओठांवर असेपर्यंतच. तेवढ्या वेळापुरता का होईना, पुलापलीकडच्या बाईला देव झेलतो ही गोष्ट त्यांच्या तोंडून गेलेली असायची. रोज. वर्षानुवर्षं. त्याचा काहीच परिणाम झाला नसेल, असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

ही पोथी श्रीधरांची. पंढरपूरच्या बाजूला नाझरे गाव, तिथले हे नाझरेकर. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप असे एकेक भक्कम ग्रंथ हातावेगळे करून त्यांनी उतारवयात बारामतीला शिवलीलामृत पुरं केलं. शके 1640चा फाल्गुन, असं पोथीच्या शेवटाकडे सांगितलेलं आहे. आपल्याकडे वाङ्मयाचं मध्ययुग यादवांपासून थेट पेशवाई बुडेपर्यंत, 1818पर्यंत, धरतात. त्या हिशेबाने श्रीधर मध्ययुगातले. पण त्याच शके 1640मध्ये, म्हणजे त्या फाल्गुनाच्या दोन-अडीच महिने आधी, मुंबईच्या किल्ल्यात काय चाललं होतं? 1718च्या नाताळात सेंट थॉमसचं चर्च उपासनेसाठी उघडलं. बारामतीत एक माणूस महानंदेची गोष्ट ओवीत बांधतोय आणि इथे, आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी, इंग्रज पाद्री आपली पहिली प्रार्थना म्हणतोय. मध्ययुग आणि कंपनीचं युग एकाच हिवाळ्यात.

त्या नाताळातली एक गोष्ट मला कथेइतकीच आवडते. रिचर्ड कॉब नावाच्या त्या पाद्र्याने नोंदवून ठेवलंय, की चर्चभोवती जमलेल्या गर्दीत रामाजी आणि त्याचे जातभाई होते आणि प्रार्थना संपेपर्यंत ते सगळे उभे राहून ऐकत होते. हा रामाजी म्हणजे रामा कामत. कंपनीच्या मर्जीतला बडा शेणवी व्यापारी. गिरगाव चौपाटीवरून चढण घेतली की पुढे वाळकेश्वर लागतं. शिलाहारांच्या काळापासूनचं ते देवस्थान पोर्तुगिजांच्या अमदानीत उद्ध्वस्त झालं होतं, ते 1715च्या सुमारास याच रामा कामतांनी पुन्हा उभं केलं. आता असा माणूस, स्वतः देऊळ बांधणारा, परक्या देवळाच्या दारात नाताळच्या दिवशी का उभा राहिला असेल? राजकारण म्हणून, हे पहिलं उत्तर, आणि ते बरोबरच असणार. साहेबाच्या समारंभाला हजेरी लावणं हा व्यापाराचा भाग. पण पूर्ण वेळ? इंग्रजी स्तोत्रं तासभर उभ्याने ऐकायची तर कानाला थोडी तरी गोडी लागावी लागते. कीर्तनाला बसणारा माणूस तो. शब्द कळले नाहीत तरी चाल कुठे चढते, कुठे उतरते, लोक 'आमेन' कुठे म्हणतात, हे त्याने नक्की टिपलं असेल. आमचा दूधवाला जे करायचा तेच.

पुढे रामा कामतांचं फार वाईट झालं. दोन वर्षांत, 1720 साली, कान्होजी आंग्र्यांशी आतून संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्यांच्यावर खटला भरला, मालमत्ता जप्त केली आणि त्यांना किल्ल्यात डांबलं. कैदेतच 1728 साली ते गेले. पुराव्यादाखल दाखवलेली पत्रं बनावट होती, हे मागाहून उघड झालं. देऊळ मात्र राहिलं, चर्चही राहिलं. देवळाशेजारच्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर पितृपक्षात पिंडदानाला गर्दी होते, तेव्हा त्यांचं नाव तिथे कोणी घेत नाही. घ्यायला हरकत नसावी.

पोथीकडे येतो. श्रीधरांच्या हयातीत आणि पुढे शंभर वर्षं या ओव्या बोरूने लिहून लिहून पसरल्या. छापखाना आला तेव्हा सोवळ्यातली मंडळी छापील पानाला शिवेनात, कारण शाईत चरबी. याच मुंबईत गणपत कृष्णाजी नावाच्या कर्तबगार भंडारी गृहस्थाने अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम बघून, शिकून, स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि 1831 साली छापील मराठी पंचांग काढलं. चरबीऐवजी त्याने शाईत तूप घातलं, असं सांगतात. मला त्या तुपाचं फार कौतुक वाटतं. एक अख्खं वाङ्मय एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि मधे सांडू द्यायचं नाही, तर असली काहीतरी युक्ती लागतेच. शिवाय पोथीचा आकार त्या छापखानेवाल्यांनी बदलला नाही. तीच आडवी, लांबट, सुटी पानं, भोवती रेघांची चौकट, ओव्यांचे आकडे, आणि शब्द एकमेकांना चिकटलेले. काकूंची पोथी तशीच होती. कडा तपकिरी झालेल्या, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक तेलकट, पारदर्शक डाग. तिथून पान उचलायचं. अकराव्या अध्यायाच्या पानांवर हा डाग पार मजकुरापर्यंत चढला होता. बाकीच्या तेरा अध्यायांना तो जेमतेम लागलेला. या एका डागावरून त्या घरातल्या वाचनाचा सगळा इतिहास सांगता आला असता.

अशी पोथी मनात वाचून बघावी. मी पाहिलंय, गाडी चालतच नाही. अक्षरं दिसतात, विशेषणांमागून विशेषणं येतात, मन पुढच्या पानावर पळतं. श्रीधर हा डोळ्यांनी वाचायचा कवीच नाही. त्याने प्रत्येक ओवीत तीन यमकं पेरून ठेवलीत ती अडाणी माणसाच्या कानासाठी आणि सकाळी सकाळी जांभया देणाऱ्या वाचणारीच्या जिभेसाठी. एकदा आवाज लागला की यमक पुढचं यमक ओढून आणतं. अर्थ बरोबर येतो, कधी चार पावलं मागून येतो. ज्ञानेश्वरांची ओवी थांबवते, विचार करायला लावते; श्रीधरांची ओवी थांबूच देत नाही. विद्वानांनी श्रीधरांना पंडितांच्या नि संतांच्या मधे कुठेतरी कोपऱ्यात बसवलं, पण घरोघरी खपला तो हाच.

खोताच्या वाडीतून जाताना ही मोठ्याने म्हणायची ओवी आठवते. लाकडी जिने, नक्षीच्या कठड्यांचे व्हरांडे, वळणावर क्रूस. वाडीला नाव आहे पाठारे प्रभू खोताचं आणि घरं बरीचशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. ओवी त्यांच्याकडेही होती. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं आणि 1616 साली ते राचोलला रोमन लिपीत छापलं, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. त्यानंतरचं एक पुराण फारसं कोणाला ठाऊक नाही. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या पाद्र्याने उत्तर कोकणच्या बोलीला जवळच्या भाषेत येशूच्या यातनांची कथा रचली, आणि ती 1659 साली छापली गेली थेट लिस्बनला. ते पुस्तक पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावं लागलं. छापावं लागलं म्हणजे घेणारे होते. आणि घेणारे होते म्हणजे ठाणं-वसई-मुंबईच्या पट्ट्यात उपासाच्या दिवसांत कोणीतरी ते मोठ्याने म्हणत होतं. पेशवाई, कंपनी, राणी, सगळं येऊन गेलं तरी. ठाकूरद्वारला श्रीधर आणि पलीकडे हे. दोन्हीकडे मरणातून सुटका, दोन्हीकडे तीन दिवसांचा हिशेब. यातून मी काही सिद्ध करत नाहीये. सकाळच्या वेळी दोन्ही आवाज ऐकू येण्याइतक्या अंतरावर ही माणसं राहत होती, एवढंच.

पुढच्या सिग्नलला प्रार्थनासमाज. बसचा कंडक्टर हे नाव असं ओरडायचा, की ते स्टॉपचं नाव नसून दुसरं काही असेल असं वाटूच नये. 1867 साली आत्माराम पांडुरंग आणि मित्रमंडळींनी सुरू केलेली ही सभा. पुढे रानडे, भांडारकर, चंदावरकर. मूर्ती नको, पण तुकाराम हवा, अशी त्यांची मागणी. याच सुमाराला सरकारने चोवीस हजार रुपये देऊन तुकोबांची गाथा छापवून घेतली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखितांवरून ती सिद्ध केली, आणि इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 आणि 1873 साली तिचे दोन भाग बाहेर पडले. त्या काळात चोवीस हजार म्हणजे चाळ बांधून झाली असती. वारकऱ्याच्या गळ्यातला तुकाराम अशा तऱ्हेने टेबलावर आला. तिथून पुढे दुसरंच वाचन सुरू झालं. खुर्चीवर बसून, पेन्सिल हातात घेऊन, समासात खुणा करत केलेलं.

त्या वाचनाला मी नावं ठेवणार नाही. माझी अर्धी हयात त्यातच गेली. अ. का. प्रियोळकरांनी 1935 साली रघुनाथ पंडिताचं दमयंतीस्वयंवर काढलं तेव्हा पाठभेद कसे लावायचे, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे कसं ताडायचं, याचा मराठीत धडाच घातला गेला. पुढे मराठी संशोधन मंडळात त्यांनी या कामाला जन्म वाहिला. त्यांच्या तळटिपा वाचताना मला रहस्यकथेचा आनंद होतो. एका प्रतीत एक शब्द, दुसरीत त्याच मात्रांचा भलताच शब्द. लिहिणाऱ्याचा डोळा चुकला की ऐकणाऱ्याचा कान? की सांगणाऱ्यानेच ऐन वेळी शब्द बदलला, कारण समोर कोणी तरी बसलं होतं? संशोधक मूळ पाठ शोधत मागे मागे जातो. आमच्या काकू पुढे पुढे जात. त्यांच्या पोथीत छपाईच्या चुका होत्या आणि त्या चुका त्यांनी पाठ केल्या होत्या. कोणी दुरुस्त प्रत दिली असती तर त्यांची जीभ पुन्हा त्या जुन्या चुकीवरच गेली असती.

पोथीशिवायही शब्द असाच पुढे जातो. तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभावांच्या गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची लहर आली. शिष्यांनी लुटुपुटीचा सोहळा मांडला आणि महदाइसेने त्यासाठी कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची ही रचना महानुभावांच्या पोथ्यांत, सांकेतिक लिपीच्या कुलपात, कित्येक शतकं पडून होती. इतिहासकार राजवाड्यांसारख्यांनी ती कुलपं उघडली तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला कळलं. हे मी वर्गात शिकलो होतो. मग एकदा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे, एका आगरी लग्नाला गेलो. मांडवात हळदीच्या वेळी एक वयस्क बाई येऊन बसली, आणि बँडवाल्यांना हाताने गप्प करून तिने गाणं धरलं. तिला सगळे धवलारीण म्हणत होते. ती जे म्हणत होती त्याला धवला. तिच्या प्रत्येक ओळीवर पुढचा विधी अडलेला. तिने म्हटल्याशिवाय हळद लागेना. पोथी नव्हती, कागद नव्हता. मधेच तिने चहा मागवला, तोही सूर न मोडता. महदाइसा तिला माहीत नव्हती, आणि मी काही सांगायला गेलो नाही. काय सांगणार होतो? तिचं काम चाललं होतं.

आमची चाळ आता नाही. तिथे टॉवर आहे. जमिनीखालून मेट्रो जाते, गिरगावचं स्थानक झालंय. जुन्या बिऱ्हाडकरूंतली काही मंडळी वरच्या मजल्यांवर राहतात, दारं जाड आहेत, ए.सी.साठी खिडक्या बंद. कोणी पोथी वाचत असेल तर ती फोनवर लावलेली असते. एक कमावलेला पुरुषी आवाज, मागे सतार, एकही अडखळ नाही. वाईट आहे असं नाही. पण त्या आवाजाला दूधवाल्याशी बोलता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला मधेच थांबवून विचारता येत नाही, की महानंदाने कंकण पाहिलं नसतं तर? मी स्वतः घरात मोठ्याने वाचून पाहतो. बायको दुसऱ्या खोलीतून विचारते, "कोणाशी बोलतोयस?" प्रश्न रास्त आहे. गॅलरी होती तेव्हा हा प्रश्न कोणाला पडत नव्हता.

नवी पोथी घ्यायला परवा दुकानात गेलो. गिरगावात अजून अशी दुकानं आहेत. वह्या, राख्या, सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो आणि मागच्या फळीवर पोथ्या. दुकानदाराने विचारलं, "चौदा अध्यायांची देऊ की पंधरा?" श्रीधरांनी चौदाच लिहिले; पंधरावा नंतर कोणी तरी जोडलेला, हे जाणकार केव्हाचं सांगत आलेत. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "असेल, पण पंधरावाली जास्त जाते. एवढं वाचायचंच, तर लोकांना पुरं हवं."

तो प्रक्षिप्त अध्याय कोणी लिहिला असेल, याचा मी तेव्हापासून विचार करतोय. संशोधकाच्या लेखी तो गुन्हेगार, दुसऱ्याच्या शेतात बांध घालणारा. पण चौदाव्या अध्यायाच्या शेवटी श्रीधर शक सांगतात, गाव सांगतात, ग्रंथ पुरा झाल्याचं सांगतात. आणि हा कोण गृहस्थ, तरीही थांबायला तयार नाही. वाचता वाचता तोंडाला चाल बसलेली, यमकं आपोआप पडायला लागलेली, आणि समोर मजकूरच उरलेला नाही. बोरू उचलून त्याने आणखी एक अध्याय वाढवला. पुरुषच असेल असं तरी कशावरून?